ती ओळ माझी नाही

"ह्या आमच्या माळीणबाई," मॅडमनी माइकवर माझी ओळख करून दिली. "यांची आई दारोदार फुलांच्या पुड्या टाकायची. कोणाच्या घरात काय चाललंय, यांना उपजतच कळतं."

सभागृह हसलं.

नातवंडांनो, तुमची पणजी फुलं विकायची, हे खरं. मी इंग्रजीत एम.ए. केलं, हेही खरं. आमच्या संस्थेच्या या संचालिकाबाईंना फक्त पहिलं लक्षात राहिलं.

गंगापूर रोडवर दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. संस्थांसाठी देणगीदार शोधणारे आम्ही जिल्हाभरातले लोक एक गट म्हणून पहिल्यांदाच एकत्र आलो होतो. कोण कोणत्या कामाला हात देतो, हे शोधून एका पानाचं टिपण लिहायचं, हे आमचं काम. मी अहवाल वाचते, शाळांच्या कोनशिला वाचते. जाहीर आहे तेवढंच लिहिते. ते पान घेऊन मॅडम देणगीदाराकडे जातात. फोटो त्यांचा छापून येतो.

मग नमुना म्हणून त्यांनी माझं टिपण पडद्यावर लावलं. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराचं. नावासकट. नाव झाकायचं असतं, एवढीही अक्कल नाही. खाली माझी सही. आणि सहीच्या वर एक ओळ: "मुलगी नवऱ्याला सोडून माहेरी आली आहे. बोलताना उपयोगी पडेल."

महिनाभर त्या ही ओळ घाला म्हणून मागे लागल्या होत्या. मी घातली नव्हती. त्यांनी परस्पर घातली.

पुढच्या रांगेतली चांदवडची मुलगी मागे वळली. "मावशी, हे तुम्ही लिहिलं हाय?"

तिच्या तोंडावर किळस होती. मॅडमच्या विनोदापेक्षा ती जास्त लागली.

मी उठले. "ती ओळ माझी नाही. आधी ते बंद करा."

"बसा हो आजी. चहाला बोलू आपण."

आयुष्यभर बसतच आले होते. कॉलेजात मागच्या बाकावर. ऑफिसात दाराजवळ. बस म्हटलं की बसायचं. त्या दिवशी चालत पुढे गेले आणि प्रोजेक्टरची पिन उपटली.

"अहो, मी तुमचं कौतुकच करत होते."

"कौतुक नको. ओळ कोणी घातली, ते सांगा."

बाई पाणी प्यायल्या. परदेशात शिकलेल्या, चार भाषा येतात म्हणे. एक खरं वाक्य येईना.

आता त्यांचा निरोप आलाय: लेखी माफी द्या, नाहीतर आपल्या गटातून नाव काढू. काढा. असल्या गटात नाव असण्याचीच लाज वाटते.

त्या बागायतदाराला मी पत्र लिहिलंय. काय दाखवलं, किती जणांनी पाहिलं, सगळं. तो संस्थेला दारात उभं करणार नाही. मलाही कोर्टात खेचेल कदाचित. खेचू दे.

ज्याच्यावर टिपण लिहिलंय, त्याच्या हातात ते जसंच्या तसं देता आलं पाहिजे. हे ज्या संस्थेला चालत नाही, तिथे मी एक अक्षर लिहिणार नाही.