शिफ्ट सुटल्यावर येणारी आई

आईबाप परदेशी नोकरीला गेले की मागे मुलं कोण सांभाळतं, हे एका पाहणीसाठी विचारत मी तेव्हा चाकण-आळंदीकडची गावं पालथी घालत होते. प्रश्न विचारायचं काम माझं, पण चऱ्होलीतली एक आजी उलट मलाच फैलावर घ्यायची. लग्न का केलं नाहीस, एवढी वाळलीस का, आणि असं दारोदार हिंडायचा पगार देतं तरी कोण?

तिची लेक मस्कतला नर्स होती, जावईही तिकडेच. चार वर्षांची नात आजीपाशी. "आई कुठंय?" या रोजच्या रडण्यावर आजीने इथलंच उत्तर शोधलं होतं. या पट्ट्यात निम्म्या पोरांच्या आया कंपनीत जातात आणि शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरतात. "तुजी आई बी कंपनीत गेलीया. ओव्हरटाइम हाय तिला," आजीने सांगून टाकलं. झालं! पोरगी रोज दुपारी देवळापुढच्या थांब्यावर हजर. फोनवर आई दिसायची, पण ती कंपनीतून बोलतेय असंच तिला वाटायचं. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकीचं तोंड ती बघायची आणि मुकाट घरी यायची.

मग आई महिन्याच्या रजेवर आली. सकाळीच, टॅक्सीतून, मोठाल्या बॅगा घेऊन. पोरीने बाहुली घेतली, चॉकलेट घेतलं आणि आजीच्या मागे जाऊन लपली. "ही न्हाई. माजी आई बसनं येनार हाय."

आठवडा गेला तरी तिचा हेका सुटेना. आई वेणी घालायला बसली की ती मान हिसडायची, आईच्या हातचा घास तोंडात घ्यायची नाही. मी गेले तेव्हा आई ओट्यापाशी पाठ करून रडत होती. रजा अशीच संपणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती. "माजंच चुकलं बाई," आजी मला म्हणाली. "जीभ हासडून टाकावी वाटती."

मार्ग शेवटी आईनेच काढला. शेजारणीचा कंपनीचा निळा शर्ट अंगात घातला, डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि दुपारी एक थांबा अलीकडे जाऊन बसमध्ये चढली. शेजारणीने ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं. इकडे आजी, नात आणि मी उभ्या. बायकांच्या घोळक्यातून ती उतरली मात्र, पोरगी "आई!" म्हणून अशी धावली की चप्पल रस्त्यातच राहिली. "किती उशीर गं!" म्हणत तिने आईला एक चापटही मारली. आम्ही सगळ्याजणी हसत होतो, रडत होतो. जमलं बुवा एकदाचं, असं मला वाटलं.

उरलेले दिवस पोरीने आईची पाठ सोडली नाही. रजा संपली, आई मस्कतला गेली.

त्यानंतर मी गेले तेव्हा दुपारच होती. पोरगी नवा फ्रॉक घालून थांब्याकडे निघाली होती, चांगली उड्या मारत. त्या दिवशी आमच्यातल्या एकीनेही पुढचा विचार केला नव्हता, याची चुटपुट आजही जात नाही. मी आजीला म्हटलं, "आता तरी तिला खरं सांगा."

"सांगितलं की," आजी उंबऱ्यावर बसत म्हणाली. "पटत न्हाई तिला. आदी नुसती वाट बघायची, बाई. आता तिनं आईला उतरताना बघितलंय."