रिकाम्या पट्टीवर दिलेली गोळी

१४ ऑगस्ट. आळे गावातल्या माझ्या मेडिकलमध्ये एक्सपायरी झालेला माल काढत होते. येडगावच्या सखूबाईंनी गोळ्यांची रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली.

"हीच द्या, ताई."

स्टॅटिन. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी. त्यांचे मालक बबनराव यांना अँजिओप्लास्टीनंतर सुरू झालेली. चिठ्ठी कधीच हरवली होती. तीन वर्षं मी पट्टी बघूनच देत होते. आमच्याकडे बहुतेकजण असंच घेतात.

"मालक मेंढरांमागं गेलेत?"

"कुठली मेंढरं! बसलं का उठता येत न्हाई. हात वर जात न्हाई. पटका मीच बांधते. म्हनलं, म्हातारपनी नवरदेव झालाय जनू." त्या हसल्या. मी नाही.

गोळी चांगली आहे, हृदय सांभाळते. काहींचे स्नायू दुखतात, ते बंद केल्यावर बहुधा थांबतं. पण क्वचित शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते. मग गोळी बंद करूनही ताकद जातच राहते.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"उन्हाळ्यात दावलं. त्यांनी एक गोळी बंद केली. कंची, ते सुनंला म्हाईत."

सुनेला फोन लावला. "हीच की, ताई. पण नंतर मामांनी शेजाऱ्याबरोबर पट्टी धाडली आन् तुमी गोळी दिली. आमाला वाटलं, परत चालू झाली."

मग डॉक्टरांना फोन केला.

"ती तर मी बंद केली होती. दिली कोणी?"

"मी."

"आजच पाठवा."

स्नायूंची झीज दाखवणारी सीके नावाची रक्ततपासणी असते. आकडा दोनशेच्या आसपास चालतो. बबनरावांचा हजारांत होता. पुढच्या तपासण्या पुण्यात झाल्या. शंका खरी निघाली, प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटली होती. ती आवरायला स्टेरॉइड सुरू झालं.

"गोळी बंदच राहिली असती तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

"कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतं."

दिवाळीनंतर येडगावला गेले. मेंढरं मेहुण्याकडे दिली होती. ती कोंडायची जाळी गुंडाळून ओट्यावर पडली होती. बबनराव वॉकर धरून दारापर्यंत आले. डोकं उघडंच होतं.

"चूक माझी झाली," मी म्हटलं.

"तुमी काय बळंच तोंडात घातली का? पट्टी मीच धाडली. डागदर बंद म्हनतोय, पन ताई देत्यात. म्हनलं, ताईंना जास्त कळतं."

चहा घेतला आणि निघाले.

नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पट्ट्यांचे तुकडे, मागे नाव आणि नंबर लिहून, मी एका बरणीत ठेवत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं, बरणी काउंटरवर उलटी केली आणि एकेकाला फोन लावायला घेतला. ताजी चिठ्ठी आणा, त्याशिवाय गोळी नाही.

पहिलाच माणूस पिंपरी पेंढारचा. तो भडकला. "इतक्या वर्षांत कधी चिठ्ठी मागितली न्हाई तुमी!"

"तेच चुकलं," मी म्हटलं आणि दुसरा तुकडा उचलला.