जिभेला चावणारा साबण

घरी तिला भिंगरी म्हणत. ते नाव कॉलेजात कुणी पोचवलं कुणास ठाऊक, पण तिथेही तेच चिकटलं. बसली की पाय हलणार, उभी राहिली की अख्खीच हलणार. आई दिवसभर मशीनवर लोकांचे पडदे शिवायची. ती म्हणायची, "अगं, मुंग्यांनी तुझ्या अंगात घर भाड्यानं घेतलंय का?"

अशा मुलीनं धंदा काढला, आणि तोही साबणाचा. कॅन्टीनवाले काका तळून काळं झालेलं तेल मागच्या गटारात ओतायचे. गटार तुंबायचं आणि वास थेट वर्गात यायचा. भिंगरी म्हणाली, "काका, ते तेल मला द्या. साबण करते."

"ने बाई, ने. पण अंघोळ केलेल्या माणसाला तळणाचा वास आला, तर माझं नाव सांगू नकोस."

भागीदार होता वर्गातला थंडोबा. त्याचे शब्दही गाळणीतून थेंब थेंब पडायचे. "हो... म्हणजे... बघू."

प्राचार्यांनी प्रयोगशाळेमागची रिकामी खोली दिली. देताना बोट वर केलं, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य बोटापासून सुरू व्हायचं. "हे पाहा, पर्यावरण वगैरे ठीक आहे. पण कॉलेजच्या प्रदर्शनात माल विकला गेला पाहिजे. नाहीतर खोली खेळाच्या सामानाला. काय?" त्यांच्या 'काय'ला उत्तर द्यायचं नसतं.

त्या खोलीत भिंगरीचा जीव अडकला. घरी खोली एकच, तिच्यात मशीन, पडद्यांचे ढीग आणि उरलेल्या जागेत माणसं. तिथे साबणाला लागणारं, कातडी भाजणारं कॉस्टिक कोण ढवळू देणार?

काम तसं सरळ होतं. तेल रात्रभर हलवायचं नाही. गाळ खाली बसला की वरचं तेल गाळून घ्यायचं, तोलायचं आणि त्या वजनाप्रमाणे कॉस्टिक घालायचं. पण प्रदर्शन तोंडावर आलं होतं. तेलाचा डबा आला आणि भिंगरी त्याच्याभोवती घिरट्या घालू लागली.

"बसला असेल रे गाळ."

"अजून... नाही."

"तो काय तू आहेस, एकदा बसला की उठायचं नाव नाही?"

थंडोबा प्रॅक्टिकलला गेला आणि हिनं डबा तसाच उचलून काट्यावर ठेवला. त्यात पिठाचा चुरा होता, पाणी होतं. हिनं सगळंच तेल म्हणून तोललं आणि तेवढ्याला पुरेल इतकं कॉस्टिक ओतलं.

साबण मात्र देखणा उतरला. मलईसारखा रंग, कडा सुरीनं कापल्यासारख्या. पहिली वडी भिंगरीनं कौतुकानं आईला नेऊन दिली.

साबण जमला की नाही, हे बघायची दोघांची एक रीत होती. ओलं बोट वडीवर घासायचं आणि जिभेला लावायचं. काहीच झालं नाही तर साबण चांगला, सुई टोचल्यासारखं झालं तर कॉस्टिक जास्त. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी थंडोबानं बोट जिभेला लावलं आणि जन्मात पहिल्यांदा एका दमात ओरडला, "अगं आई गं, चावतोय हा!"

"तुझी जीभच मेली नाजूक." भिंगरीनं स्वतः लावून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. दुसरी वडी घेतली, तिसरी घेतली. सगळ्याच चावल्या.

"मग... फेकू?"

"कुठे? गटारात?"

गटार वाचवायला काढलेला धंदा तो. भिंगरीनं खोलीत चार येरझाऱ्या घातल्या. "कागदात गुंडाळल्यावर कुणाला कळतंय? लोक काही साबण चाटत नाहीत."

थंडोबा नुसता बघत राहिला. तिला वाटलं, यानं भांडावं तरी!

संध्याकाळी घरी आली तर आई बोटांना चिंध्या गुंडाळून मशीन चालवत होती. "काही नाही गं, जरा भगभगतंय. पण फेस छान येतो हो तुझ्या साबणाला! शेजारीण पण मागत होती."

भिंगरीनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. ती उठली, बसली, पुन्हा उठली आणि शेवटी ओट्यावरची वडी उचलून पिशवीत टाकली. "हा वापरू नकोस. शेजारच्या काकूंनाही सांग, अजून झाला नाहीये."

प्रदर्शनात शेजारच्या टेबलांवर माल खपत होता. हिच्या टेबलावर होती एक मोठी किसणी आणि एक घमेलं. रबरी हातमोजे चढवून भिंगरी वड्यांमागून वड्या किसत होती. गर्दी जमली. गर्दीमागून बोट आलं, बोटामागून प्राचार्य आले.

"हे काय चाललंय?"

"साबण किसतेय, सर."

"विकत का नाही?"

"चावतो, सर."

"काय?"

या वेळी मात्र उत्तर द्यायचं होतं. "गाळ बसायच्या आधीच मी तेल तोललं. कॉस्टिक जास्त पडलं. आईची बोटं भाजली. आता किसून, चांगलं तेल घालून पुन्हा शिजवावा लागेल."

"म्हणजे विक्री नाही."

"नाही, सर."

बोट खाली आलं, वळलं आणि त्याचा तळहात झाला. भिंगरीनं हातमोजा काढला, खोलीची किल्ली त्यावर ठेवली आणि ते वळायच्या आतच कॅन्टीनकडे पळाली.

"काका, एक कोपरा द्याल?"

काकांनी झाऱ्यावरचं तेल निथळू दिलं. "खोली गेली वाटतं?"

"गेली."

"त्या पोत्यांमागे जागा आहे. पण माझ्या शेगडीपासून लांब. आणि जेवणाच्या गर्दीत मध्ये मध्ये लुडबुड केलीस तर तुलाच तळीन."

ती परत आली आणि किसाचं घमेलं उचलून निघाली. रिकामी किसणी घेऊन थंडोबा मागे.

"हळू... चाल. सांडेल."

"हळूच चालतेय!" ती म्हणाली. आणि तिच्या मानानं खरंच हळू चालली होती.