पाच दिवसांचा सौदा

फसवणूक झाली माझ्या बायकोची, आणि केली मी. तिच्या रक्ताच्या आजारावर दर महिन्याला सात दिवस इंजेक्शनं होती. डॉक्टर मला म्हणाले, "काही जणांना पाच दिवसही देतात. काय करू या?" तिला न्या-आणायच्या दिवशी वाशीच्या मार्केटातला माझा गाळा बंद राहू नये, म्हणून मी पाचावर सौदा पक्का केला.

दवाखान्यात तिच्या शेजारच्या खुर्चीतले करंजाडे गावचे म्हातारे सात दिवस घेत. सुई टोचली की ते डोळे मिटून गुडघ्यावर ठेका धरत. मी त्यांना घासाघीस शिकवायला गेलो. ते हसले, "शेट, सुई वैनीला टोचतान, भाव तुमी करताव. तिला इचारलाव काय?"

बायको हळूच म्हणाली, "मला सात हवे होते."

माझी मान खाली गेली. पण डॉक्टर, ती समोर बसलेली असताना तुम्ही मलाच का विचारलंत? उत्तर द्या, आणि तिला द्या.