डिस्क पुसून स्थापना

हसायचंय ना? हसा. पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जे करून ठेवलंय ते ऐकून माणसाला ठसका लागतो आणि नंतर माझ्याशी बोलावंसं वाटत नाही. आमच्या घरात कितीतरी दिवस कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. घरात माणसं दोनच, मी आणि बायको, विद्या. म्हणजे काय ते समजा.

तर आमचा कॉम्प्युटर जुना. इतका जुना की बटण दाबून मी आंघोळ उरकून यायचो, तरी हा आपला गोल गोल फिरवत बसलेला! दहिसरला आमच्याच बिल्डिंगमध्ये दिलीप राहतो, कॉम्प्युटरमधला माणूस. तो एकदा म्हणाला, "अरे, जुन्या सिस्टिमऐवजी लिनक्स टाक ना. फुकट असतं."

फुकट! बस, तिथेच माझी विकेट पडली.

"फुकट म्हणजे किती दिवस रे?"

"कायमचं. लोकांनी लोकांसाठी बनवलंय. तुझं मशीन नुसतं पळेल बघ. हा पेनड्राइव्ह ठेव. पण घाई करू नको हां! रविवारी मी येतो, आधी सगळ्याची कॉपी काढून ठेवू, मग टाकू."

आता रविवारपर्यंत थांबेन तर मी कसला? मला वाटलं, दिलीपला उगाच भाव खायचाय. पेनड्राइव्ह लावायचा आणि 'पुढे, पुढे' दाबत सुटायचं, त्यात एवढं काय? विद्या शाळेत शिकवते, ती संध्याकाळी येणार होती. म्हटलं, ती यायच्या आत मशीन झकास करून ठेवू. खूश होईल बिचारी.

पहिलाच प्रश्न आला, भाषा कोणती? आणि खाली यादीत चक्क मराठी! अहो, छाती अशी फुगली माझी! दुकानांच्या पाट्यांवरून भांडणारा माणूस मी. लगेच मराठी दाबलं. इंग्रजी ठेवलं असतं तर आज मी माणसांत असतो. कारण इंग्रजी मी घाबरत घाबरत, दोनदा वाचतो. मराठी काय, घरचीच!

मग दोन पर्याय आले. एक, 'आधीच्या सिस्टिमसोबत स्थापना करा.' दुसरा, 'डिस्क पुसून स्थापना करा.'

आता तुम्हीच सांगा, कोकणी माणूस काय दाबणार? स्थापना म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच, गणपती. आणि गणपती काय धुळीत बसवतात? आधी चौरंग ओल्या फडक्याने पुसायचा, मग स्थापना. लहानपणापासून ते पुसायचं काम माझंच. चौरंग पुसला म्हणून चौरंगच गायब झाला, असं कधी ऐकलंय कोणी? मी म्हटलं, वा, काय वळण लावलेली सिस्टिम आहे! आधी स्वच्छता! दाबलं.

खाली लाल अक्षरांत आणखी काहीतरी आलं, 'हे पूर्ववत करता येणार नाही.' मी म्हटलं, हवंय कोणाला पूर्ववत? पूर्ववत म्हणजे परत ते गोल गोल! तेही दाबलं.

आणि मशीन खरंच पळायला लागलं हो. विद्या आली, तिला खुर्चीत बसवलं. बटण दाबलं, पडदा लगेच उजळला. ती हसलीसुद्धा. मग माउस इकडे नेला, तिकडे नेला.

"अहो, 'आई' कुठेय?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. शेवटचं वर्षभर त्या आमच्याकडेच होत्या. विद्या फोन ओट्यावर ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायची. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते, फुगडीची गाणी, गावच्या शेजारणीला घातलेल्या शिव्या, सगळं. फोन भरला म्हणून तिने ते कॉम्प्युटरमध्ये टाकलं होतं. फोल्डरला नाव दिलं होतं 'आई'. नंतर सासूबाई गेल्या.

"असेल गं तिथेच. नीट बघ. मी फक्त पुसलंय."

"पुसलंय म्हणजे?"

"म्हणजे... साफ केलंय."

मी धावत जाऊन दिलीपला घेऊन आलो. त्याने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, तू स्थापनेच्या आधीच विसर्जन करून टाकलंस!" एरवी ह्यावर मी टाळी दिली असती. विद्या उठून आतल्या खोलीत गेली.

गेलेलं परत काढून देणाऱ्या दुकानांत फिरलो. सगळे एकच सांगायचे, जुन्यावर नवीन बसलंय, काका, आता काही निघणार नाही. मला दिलीपचा राग आला, फुकटचा आला, मराठीचाही आला. मराठीने तर सरळ सांगितलं होतं, पुसतेय म्हणून. मलाच ते कळलं नाही, ह्याचा राग अजून येतो.

मग विद्याने सगळ्या नातेवाइकांना विचारलं, आईचा आवाज कोणाकडे आहे का? फोटो ढिगाने आले. नमस्कार करणारे हात आले. आवाज कोणाकडेच नाही. शेवटी तिच्या कुडाळच्या वहिनीला जुन्या फोनमध्ये एक व्हॉइस मेसेज सापडला. आमच्याच घरातून सासूबाईंनी सुनेला पाठवलेला. मी मिक्सर 'दुरुस्त' केला होता, त्या दिवशीचा.

विद्याने लावला. मी शेजारी उभा.

"गो सूनबाय, आमचो जावय माणूस बरो आसा. पन तेच्या हातात काय्येक देऊ नको गो! जेका हात लावता, तेची वाट लावता!"

बस, एवढंच. एवढ्या बाईचं एवढंच उरलं, आणि तेही माझ्यावर!

विद्या खूप हसली. मग तशीच रडली. आणि दुसऱ्या दिवशी तिने तोच आवाज माझ्या नंबरची रिंगटोन करून ठेवला. मी फोन केला की भाजीवाल्यापाशी, बसस्टॉपवर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, सगळीकडे माझी लायकी मोठ्याने वाजते. लोक वळून बघतात म्हणे.

तरी मी फोन करतो. काम काही नसतं. कधीकधी बाहेरच्या खोलीत बसून आतल्या खोलीत लावतो. ती उचलत नाही. पूर्ण वाजू देते.