शेंगांचं पोतं

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. बायकोला तर नाहीच — आणि पोतं तिचंच होतं. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक. दुपारी जरा डोळा लागला की कुठेतरी शेंगा ओतल्याचा आवाज येतो — हळू, लांबून, नदीपलीकडून यावा तसा — आणि मी जागा होतो. मग पुन्हा झोप येत नाही.

आमचं गाव चाकणजवळ. कारखान्यांसाठी सरकारने जमीन घेतली तेव्हा मोजणीला पोलीस आमच्या उभ्या पिकात येऊन थांबले होते. वडिलांना दोघांनी दंडाला धरून बाजूला नेलं. नंतर कागद आला — ताबा शांततेत घेतला, खाली दोन पंचांच्या सह्या. वडील तो कागद चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचायचे. "पोलिसाचा राग न्हाई मला," म्हणायचे, "त्यो नोकर मानूस. पर ह्या सह्या केल्या कुनी?" शेवटपर्यंत त्यांना ते कळलं नाही.

सुदामची जमीन आमच्या बांधाला लागून होती, तीही गेली. तो एका कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून लागला. मी त्याच कंपनीत शिफ्टच्या बसचं कंत्राट घेतलं. चहाला बसलो की आमची जुंपायची. मी म्हणायचो, ज्याने पैसा घातला तो मालक. तो म्हणायचा, मग ज्याने आयुष्य घातलं तो कोण, राव? मी त्याला कॉम्रेड म्हणून चिडवायचो, तो मला शेटजी. एका गोष्टीवर मात्र आमचं जमायचं — सरकारने आमच्या अंगावर पोलीस घालायला नको होते. त्यावर मी फार जोरात बोलायचो. त्याच्यापेक्षाही जोरात.

पुढे कंत्राटी कामगार, आम्हाला कायम करा म्हणून, गेटबाहेर मांडव घालून बसले. सुदाम त्यांचा पुढारी. बायकोने आमच्या उरलेल्या तुकड्यातल्या भुईमुगाचं पोतं भरलं, तोंड निळ्या दोऱ्याने शिवलं, आणि मी ते मांडवात नेऊन दिलं. भजन चाललं होतं, कुणी शेंगा भाजत होतं, ऊन कापडातून पिवळं होऊन खाली उतरत होतं. मीही तासभर टेकलो तिथे. इतकं निवांत मला पुन्हा कधी वाटलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी पोलिसांनी मांडव उठवला. मी बस लावायला गेलो तोवर सगळं आटोपलं होतं. डोक्याला रुमाल बांधलेला सुदाम पोलिसांच्या गाडीत बसला होता. जमिनीवर चपला, टाळ, सांडलेल्या शेंगा. फौजदारसाहेबांनी मला सावलीत खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. पंचनाम्याला प्रतिष्ठित माणसं लागतात, म्हणाले. प्रतिष्ठित — शब्द आवडला मला. आता लपवून काय करू? कागदावर लिहिलं होतं, मांडवात दगडांनी भरलेलं पोतं मिळून आलं. पोतं समोरच होतं. आत आता खरंच दगड होते, आणि तोंडाशी निळा दोरा लोंबत होता.

मला कुणी धमकावलं नाही. बसच्या कंत्राटाचं नावही कुणी काढलं नाही — ते माझं मीच मनात काढलं. मी सही केली.

त्या वेळी वडील आठवले का? नाही. आठवले घरी आल्यावर, हात धुताना. ते ज्याला जन्मभर शोधत होते तो माणूस मला नेहमी लबाड डोळ्यांचा वाटायचा, कुठल्यातरी लांबच्या गावचा. आणि तो माझ्यासारखाच निघाला — खुर्चीवर बसलेला, पाणी प्यालेला.

काही वर्षांनी कोर्टात ते पोतं टेबलावर ठेवलं. ओळखता का? ओळखतो, म्हणालो — तेवढं खरं होतं. आत दगडच होते? दगडच, म्हणालो. तेव्हा तरी कुणी माझा हात धरला होता? सुदाम माझ्याकडे बघत नव्हता, त्या दोऱ्याकडे बघत होता. त्याची नोकरी आधीच गेली होती. मग शिक्षाही झाली.

तो सुटून आला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या बायकोपाशी त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. भुईमूग निघाला की ती दर वर्षी त्याच्यासाठी पोतं भरते, तोंड निळ्या दोऱ्याने शिवते, आणि नेऊन द्यायला मलाच सांगते. मी नेतो. सुदाम दोरा उसवतो आणि अंगणात माझ्यासमोर सगळ्या शेंगा ओततो — सावकाश, शेवटची शेंग पडेपर्यंत. पोतं उलटं करून झटकतो. घडी घालून माझ्या हातात देतो.

"बघितलंस न्हवं?" म्हणतो.

"बघितलं," मी म्हणतो, आणि रिकामं पोतं घेऊन घरी येतो.