दूध सोसायटीच्या फ्रीजमधली बाटली

फेब्रुवारीचा पहिला सोमवार, सकाळी सात. केजजवळच्या आमच्या दूध सोसायटीत हजर: सचिव म्हणून मी, मापाडी, तीन दूधवाले आणि एक आजोबा. दुष्काळात त्यांनी जनावरं विकली होती, मुलं ऊसतोडीला गेली होती. त्यांची इन्सुलिनची बाटली मात्र आमच्या फ्रीजमध्ये असे. रोज सगळ्यांसमोर सदरा वर करून ते सुई टोचून घेत.

"आबा, पोट हाय का चाळणी?" दूधवाले चिडवत. आजोबा खूश होत.

त्या दिवशी, त्यांची पायपीट वाचावी म्हणून, मी नवी बाटली, गार राहील अशी ओल्या मडक्यात ठेवून, त्यांच्या घरी पोचवली. महिन्याने मी त्यांच्याकडे गेले तर त्यांचा पाय काळा पडला होता आणि बाटली भरलेलीच होती.

"कावून टोचली न्हाई, आबा?"

"बघायला कोन हाय, ताई?"

आठवड्यात ते गेले. मुलं कोणत्या फडावर आहेत, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. त्यांना कळवायचं काम माझ्या यादीत अजून बाकी आहे.